भोपळा कव्हरवर घ्यायचा का? एका दिवाळी अंकाच्या कामाची पूर्ण गोष्ट

अलीकडे केलेली कामं टाक, टाक म्हणून दोन-तीन जण मागे लागलेत, आणि टाकायला हरकत काहीच नाही, पण नुसती फायनल चित्रं ओळीने लावली की सगळं कसं हसत खेळत झालंय असं वाटतं, आणि मग पुढचा क्लायंट विचारतो की "दोन दिवसांत होईल ना?" म्हणून या वेळी एकच काम घेते. २०२४ च्या एका दिवाळी अंकाचं, कव्हर आणि आतली सहा चित्रं. फोन आला तिथपासून शेवटचा पैसा खात्यात पडेपर्यंत काय काय झालं ते सगळं लिहिते. अंकाचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती, अजून बोलणं आहे आमचं, आणि अर्ध्या चुका तर माझ्याच होत्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपादक सरांचा फोन आला. त्या वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वाद्यं याच गावची असा सरकारी शिक्का, मिळालं होतं, तर अंकात तंतुवाद्यांवर एक मोठा विभाग करायचा, पाच-सहा लेख, आणि कव्हरही त्याच विषयाचं. सर म्हणाले, "दलालांसारखं काहीतरी हवंय, छान बाई, हातात तंबोरा, दिवे वगैरे." आता मराठीत दिवाळी अंकाच्या कव्हरवर बाई असणं हे काही नवीन नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथून दिवाळी अंकांची परंपरा धरतात, आणि पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांनी तर कव्हरवरची बाई घराघरात नेऊन ठेवली. आजीकडे ट्रंकेत दलालांच्या 'दीपावली'चे जुने अंक होते, त्यातली कव्हरं मी लहानपणी ट्रेस करायचे. त्यामुळे दलाल म्हटल्यावर मी विरघळलेच, आणि विरघळलेला माणूस कोटेशन नीट देत नाही.

कोटेशन दिलं ते असं. कव्हरचे १०,०००, आतल्या प्रत्येक चित्राचे २,०००, सहा चित्रं, म्हणजे एकूण २२,०००. माझ्या अंदाजाने ३४ तासांचं काम होतं. कव्हरला १२, आतल्या प्रत्येकाला तीन-साडेतीन, आणि थोडे तास दुरुस्त्यांना. म्हणजे तासाला साडेसहाशेच्या आसपास पडत होते, दिवाळी अंकासाठी हे वाईट नाही, कारण तिथे बजेट जाहिरातींवर हलतं आणि चित्रकाराचा नंबर कागदवाल्यानंतर लागतो. निम्मे ॲडव्हान्स मागितले. सर म्हणाले देतो की, आणि ५,००० आले. मी गप्प बसले.

या कोटेशनमध्ये एक गोष्ट नव्हती, जी मला तेव्हा दिसलीच नाही. त्यात चित्र काढायचे तास होते, पण जे काढायचंय ते जाऊन बघायचे तास नव्हते.

पहिलं कव्हर मी आठ दिवसांत केलं. आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये, गडद निळी रात्र, मोरपिशी नऊवारी, मागे कंदील, आणि बाईच्या मांडीवर तंबोरा. रेफरन्स म्हणून इंटरनेटवरचे पाच-सात फोटो एकत्र केले होते, त्यातला एक सतारीचा होता हे नंतर कळलं. सर खूश. त्यांच्या मिसेस खूश. मी ते झोपायच्या आधी दहा वेळा उघडून बघितलं, इतकं मला आवडलं होतं.

मग सरांनी ते चित्र मिरजेतल्या एका कारागिराला व्हॉट्सॲपवर पाठवलं. अंकात त्यांची मुलाखत होती, पिढ्यानपिढ्या वाद्यं बनवणारं घर, त्यांना सगळे चाचा म्हणतात तर मीही चाचाच म्हणते. चाचांची व्हॉइस नोट आली, सतरा सेकंदांची. "ताईंना सांगा चित्र लई सुंदर हाय. पण ही सतार हाय का तंबोरा ते आधी ठरवा."

मी माझं चित्र मोठं करून बघितलं आणि मग एक एक दिसत गेलं. दांडीवर मी हलके हलके पडदे काढले होते, आडव्या पितळी पट्ट्या, कारण त्या दिसायला छान वाटतात. तंबोऱ्याला पडदे नसतातच. तो मोकळ्या तारांवर वाजतो, तार दाबायची नसते. आणि माझी बाई डाव्या हाताच्या तीन बोटांनी तार दाबून बसलेली. उजवा हात मी खाली घोडीपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, ठेवला होता, सतारीसारखा, आणि तंबोरा छेडतात तो बराच वर, तारेच्या साधारण मध्यावर. तारा पिळायच्या चारी खुंट्या मी एका बाजूला ओळीने लावल्या होत्या, गिटारसारख्या. खऱ्या तंबोऱ्याला दोन समोरून असतात आणि दोन दोन्ही बाजूंनी, एकेक. आणि सगळ्यात भारी म्हणजे भोपळा. तो मी लाल भोपळा काढला होता, भाजीवाल्याकडे असतो तसा, नारिंगी, वर फाका पडलेला! तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे कडू भोपळा, दुधीच्याच जातीतला, वरून गुळगुळीत. लाल भोपळा हा वेगळाच प्राणी, त्याच्यात तंबोरा नाही, घारगे होतात.

सरांना फोन केला. सर म्हणाले, "अगं एवढं कोण बघतंय, पडदे पुसून टाक, भोपळ्याचा रंग बदल, झालं." आणि खरं सांगते, मी दोन दिवस तेच करत बसले होते, पडदे पुसले, बोटं सरळ केली, पण बोटं सरळ केली की मनगट चुकायचं, मनगट बदललं की खांदा, आणि शेवटी बाई अशी दिसायला लागली की हिला कोणीतरी हा तंबोरा जरा धर गं, मी आलेच, म्हणून सांगून गेलंय. मधल्या काळात सरांच्या ऑफिसातल्या एका पोराने एआयवर पण करून बघितलं. त्या तंबोऱ्याला अकरा तारा होत्या आणि भोपळे दोन. मला हसू आलं, पण फार हसायची सोय नव्हती, माझंही चित्र त्याच जातीचं होतं, कुठूनतरी उचलून जोडलेलं.

शेवटी मी स्वतःच्या खर्चाने मिरजेला गेले. महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्री पुण्यात येते आणि सकाळी मिरजेला सोडते. सांगलीला मावशी आहे, तिच्याकडे बॅग टाकली, आंघोळ केली आणि परत मिरजेत, चाचांच्या दुकानात. दुकान म्हणजे पुढे विक्री, मागे कामाची खोली. खोलीत एक खिडकी, खाली सगळीकडे लाकडाचा भुसा, आणि लाखेच्या पॉलिशचा वास, जो कपड्यांना लागला की दोन धुण्यांत जात नाही. चाचा म्हणाले, "बसा. चित्र नंतर काढा. आधी बघा."

तीन तास बघितलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, तिकडे त्यांचं पीक घेतात, आणि वेलीवर पूर्ण वाळलेला भोपळा घ्यायचा. मग तो पाण्यात भिजवतात, म्हणजे कापताना तडकत नाही, वरची बाजू कापून आतलं बी-गर साफ करतात, आणि मग आतून काठ्या लावतात, ताण देऊन, म्हणजे सुकताना आकार बसकत नाही. हे मी कुठल्याच फोटोत बघितलं नव्हतं, कारण फोटो सगळे तयार वाद्याचे असतात. खोलीच्या मागच्या भिंतीला असे सात-आठ भोपळे टांगलेले होते, कापलेले, आत काठ्यांची चौकट, खिडकीतून ऊन येऊन ते आतून पिवळे दिसत होते. आणि मला एकदम दिसलं की हे आकाशकंदील आहेत. कागद लावायच्या आधीचा, कामट्यांचा सांगाडा असतो ना, आपण घरी करायचो तसा, तसेच्या तसे. मी काही बोलले नाही, स्केचबुक काढलं.

दुसरी गोष्ट जी बघितली ती जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो पण तो सपाट नसतो, अगदी किंचित बाक असतो त्याला, आणि तार त्या बाकावर टेकत टेकत जाते, म्हणून ती एका टोकाला चिकटून टणकन वाजत नाही, थरथरताना घोडीला हलकेच शिवत राहते, आणि त्यातून तो झंकार येतो, एका स्वरात दहा स्वर असल्यासारखा. चाचा कानसने घोडी घासत होते. दोनदा घासलं की तार चढवायची, वाजवायची, उतरवायची, परत घासायचं. मग तारेखाली घोडीवर सुताचा एक बारीक दोरा घातला आणि तो बोटाने मागे-पुढे सरकवायला लागले. एका जागेपर्यंत आवाज साधा, बद्द. आणि केसभर पुढे सरकवला तर खोली भरली. खरंच भरली, मागे टांगलेले भोपळे पण बारीक वाजत होते. मी विचारलं, "चाचा, कळतं कसं कुठे थांबायचं?" ते म्हणाले, "तुमाला कसं कळतं ब्रश कुटं उचलायचा?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही.

तिथे दोन दिवसांत २६ पानं स्केच केली. घोडी, मणी, खुंट्या, तुणीच्या लाकडाची दांडी, गळ्याला भोपळा जोडतात तिथली पानांची नक्षी, चाचांचे हात. मणी म्हणजे घोडीच्या खाली प्रत्येक तारेत ओवलेला छोटा मणी असतो, तो सरकवून सूर बारीक मिळवायचा. हे पण आधीच्या चित्रात नव्हतं. माझं पहिलं चित्र न मिळवता वाजवायला बसलं होतं.

परत येऊन सरांना म्हटलं, बाई काढते. म्हणजे काढून टाकते. कव्हरवर टांगलेले भोपळे घेते, कंदिलांसारखे, ओळीने, आतून उजेड, मागे निळी रात्र, आणि एका कोपऱ्यात खाली पूर्ण झालेला एक तंबोरा, भिंतीला टेकवलेला, बस्स.

सर गप्प. मग म्हणाले, "कव्हरवर भोपळा? अगं लोक म्हणतील अंकाला भोपळा मिळाला."

यात तथ्य होतं हे मला कबूल करायला पाहिजे. मराठी माणसाला भोपळा म्हटलं की आधी गणिताचा पेपर आठवतो, मग म्हातारीची गोष्ट, आणि तंबोरा तिसऱ्या नंबरवर. स्टॉलवर अंक दोन सेकंद दिसतो, त्या दोन सेकंदांत वाचकाला शून्य दिसलं तर मी मेले. त्यामुळे नुसतं माझी आयडिया भारी म्हणून भांडण्यात अर्थ नव्हता. मी तीन छोटे रंगीत स्केचेस केले, अंकाच्या नावासकट, मोबाईलवर अंगठ्याएवढे दिसतील असे. पहिल्यात भोपळे मोठे, गोल, समोरून. तो खरंच शून्यांची माळ दिसत होता, सर बरोबर होते. दुसऱ्यात भोपळे तिरके फिरवले, कापलेली बाजू आपल्याकडे, म्हणजे काठ्या दिसतात आणि उजेड बाहेर पडतो. तिसऱ्यात तेच, पण एका खऱ्या कंदिलाच्या शेपट्या मधल्या भोपळ्याला लावल्या, कागदाच्या, झिरमिळ्या. सरांच्या मिसेसनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा कंदील आहे की भोपळा?" असं विचारलं त्यांनी, आणि सर म्हणाले, "हेच. लोकांनी हेच विचारलं पाहिजे." झालं पास.

इथे मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागले आणि पैशांचं बोलले. सरळ मेल केला. नवीन कव्हर म्हणजे नवीन काम, आधीचं तुम्ही पास केलेलं होतं, पण त्यात चूक माझीही होती, म्हणून पूर्ण नाही मागत, १०,००० वाढवा, एकूण ३२,०००. आणि त्याच मेलमध्ये एक ओळ घातली, की ही चित्रं या अंकात एकदा छापण्यासाठी आणि अंकाच्या जाहिरातीसाठी आहेत, बाकी कुठल्याही वापराचं वेगळं ठरवू. सरांचं उत्तर आलं "ओके. लवकर पाठव." हे तीन शब्द पुढे फार कामाला आले, ते खाली सांगते.

३२,००० चं एक गंमतीशीर झालं. तेव्हा व्यावसायिक फीवर टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराची, मर्यादा वर्षाला ३०,००० होती, प्रकाशन प्रायव्हेट लिमिटेड, त्यामुळे मर्यादा ओलांडल्याबरोबर सगळ्या रकमेवर १० टक्के कापले गेले, ३,२०० रुपये. २२,००० असते तर काहीच कापलं नसतं. कर लागत नसेल तर रिटर्न भरलं की परत मिळतात, मला मिळालेही, पण ज्यांना हे माहीत नसतं ती पोरं क्लायंटला चोर समजतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता अक्षरांचं. कव्हरवर एक ओळ होती, 'तंबोऱ्याचं गाव'. साधी ओळ. मी अक्षरं हाताने काढणार होते, पण वेळ नव्हता म्हणून फॉन्ट वापरला आणि कव्हरची फाईल ऑफिसच्या डीटीपीवाल्या दादांकडे गेली, अंकाचं नाव आणि किंमत टाकायला. परत आलेल्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं 'तंबोर्याचं गाव'. म्हणजे ऱ्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसलेला. सूर्य, आर्य, तंबोर्य. दादांची चूक नाही, ते वर्षानुवर्षं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर काम करतात, तिथे अर्धा ऱ वेगळी की दाबून येतो, माझी ओळ युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, त्यांनी ती कन्व्हर्टरमधून काढली आणि कन्व्हर्टरने त्याला वाटलं ते केलं. दुरुस्त करायला परत युनिकोड घेतलं तर त्यांच्या मशीनवर इनडिझाईन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधला वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे आपल्या लिपीची जुळणी नीट करणारी सेटिंग, चालू नव्हता, सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला. तो चालू केला तेव्हा ऱ्या बरोबर आला पण आतल्या मथळ्यांमध्ये ल हिंदी वळणाचा यायला लागला. आपला मराठी ल पाकळीचा असतो आणि श देठाचा, २००९ मध्ये शासनाने जीआर काढून तसं ठरवूनही दिलंय, पण बरेच देवनागरी फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात, आणि मराठी वळण फॉन्टमध्ये असलं तरी टेक्स्टची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. हे सगळं रात्री साडेअकरा वाजता फोनवर, दादा त्या बाजूला, मी या बाजूला, "दादा, कॅरेक्टर पॅनेलमध्ये खाली लँग्वेज दिसतंय का, नाही, त्याच्या पण खाली." शेवटी कव्हरची ओळ मी आउटलाईन करून पाठवली, म्हणजे अक्षरांचं चित्रच, आता कुठल्या मशीनवर उघडलं तरी हलणार नाही. खरं म्हणजे पहिल्यापासून हाताने काढली असती तर दोन तासांत झाली असती.

छपाईत निळ्याने दगा दिला. स्क्रीनवर माझी रात्र जी दिसत होती ती उजेडाची निळी होती, शाईची नव्हे. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला, चमकता निळा शाईत तसा येतच नाही, सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन (निळी), मजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी या छपाईच्या चार शायांमध्ये, बदलला की जांभळ्याकडे जातो, आणि मी बदल शेवटी एका क्लिकमध्ये केला होता, घाईत. प्रूफ आलं तर रात्र वांग्याच्या रंगाची. प्रेसवाल्या काकांनी चष्मा वर करून विचारलं, "सायन किती, मजेंटा किती?" दोन्ही शंभर. काका म्हणाले, "मग वांगंच होणार. मजेंटा सत्तरच्या खाली आण, सायन राहू दे." ६५ वर आणला आणि निळा परत निळा झाला. भोपळ्यांच्या उजेडाचं उलटं, तिथे केशरी मळकट दिसत होता कारण सावल्यांमधून थोडा सायन त्यात शिरलेला. उजेडाच्या भागातून सायन पूर्ण शून्य केला, फक्त पिवळा आणि मजेंटा, तेव्हा कुठे ते आतून पेटलेले दिसायला लागले. गडद कोपऱ्यात चारी शाया मिळून ३४० टक्के झाल्या होत्या, काकांनी ३०० च्या आत आणायला लावल्या, नाहीतर शाई वाळत नाही आणि थप्पीत एका कव्हरचा डाग दुसऱ्याच्या पाठीवर बसतो. हे सगळं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, मी लिहून घेतलं.

आणि स्पाईन, म्हणजे अंकाची पाठ. सर म्हणाले होते २५६ पानं. म्हणजे १२८ कागद, ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद साधारण ०.०९ मिलिमीटर जाड, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरची पाठ, तशी मी फाईल लावली. सप्टेंबरअखेर जाहिराती कमी आल्या, सोळा-सोळा पानांचे तीन फॉर्म कापले, पानं २०८ झाली आणि मला कोणी सांगितलं नाही. १०४ कागद, जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण पाठीवरचं अंकाचं नाव एका बाजूला सरकून पुढच्या कव्हरवर डोकावत होतं. काकांच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी स्पाईन पानांचा आकडा लेखी आल्याशिवाय लावत नाही.

अंक दिवाळीच्या दहा दिवस आधी आला. कव्हरबद्दल बरे फोन आले, एका आजोबांनी सरांना पत्र लिहून विचारलं की हा कंदील कुठे मिळतो.

पैसे मात्र आले नाहीत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, "स्टॉलवाल्यांकडून हिशोब आला की लगेच." मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली आहे, ती ऑनलाईन फुकट होते, आणि एमएसएमई कायद्यात लिहिलंय की नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, शिवाय आता आयकरात असं आहे की ते मुदतीत दिलं नाही तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. जानेवारीत बिल परत पाठवलं, खाली उद्यम नंबर टाकला आणि लिहिलं, "सर, मार्चअखेरीस तुमच्या सीएंना त्रास नको म्हणून आठवण करतेय." अगदी गोड. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आले.

त्याच सुमाराला एका ओळखीच्या डॉक्टरांच्या टेबलावर मी माझे भोपळे बघितले. टेबल कॅलेंडरवर! प्रकाशनाने जाहिरातदारांना द्यायला नवीन वर्षाचं कॅलेंडर छापलं होतं, कव्हरच्या चित्राचं, खाली माझं नाव पण नाही. सरांना वाटत होतं की चित्राचे पैसे ठरले म्हणजे चित्र त्यांचं. आणि कायदा वाचला तर इथे सरळ उत्तर नाही हे खरंय, कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, तिथे पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला हक्क ते करवून घेणाऱ्याचा असं म्हटलंय. इलस्ट्रेशन त्यात बसतं की नाही यावर वकील तासभर बोलतील आणि तासाचे पैसे घेतील. म्हणून "वेगळं काही ठरलेलं" असणं महत्त्वाचं, आणि आमचं ठरलेलं होतं, त्या मेलमध्ये, सरांच्या "ओके"सकट. मी तो मेल फॉरवर्ड केला, वर फक्त एक ओळ, "सर, कॅलेंडरचं वेगळं ठरवायचं राहिलं." त्यांनी फोन केला, थोडे खजील झाले, ६,००० दिले आणि उरलेल्या प्रतींवर नावाचे स्टिकर लावले. नावाचं मी धरून बसले होते, कारण हक्क कुणाकडेही गेला तरी काढणाऱ्याचा आपलं नाव सांगायचा अधिकार कलम ५७ ने राहतोच.

हिशोब उघडा करते. एकूण तास ७४ झाले, ३४ च्या जागी. ३२,००० भागिले ७४, तासाला ४३२ रुपये. मिरजेचा खर्च १,९०० वेगळा, माझ्या खिशातून. कॅलेंडरचे सहा हजार धरले तर जरा बरं दिसतं पण ते मी धरत नाही, ते योगायोगाने आले, डॉक्टरांकडे सर्दीसाठी गेले नसते तर कळलंही नसतं. ७४ पैकी १६ तास पहिल्या कव्हरचे, जे कुठेच छापलं गेलं नाही, आणि १४ तास मिरजेचे. आता माझ्या कोटेशनमध्ये पहिली ओळ 'पाहणी' अशी असते, प्रवासखर्च आणि एक दिवसाचे पैसे. दोन क्लायंट या ओळीवरून पळाले. तिसऱ्याने, एका गुऱ्हाळावरच्या पुस्तकासाठी, काही न बोलता मान्य केली आणि स्वतः गाडी पाठवली.

पोर्टफोलिओत मी दोन्ही कव्हरं शेजारी शेजारी लावलीत, बाई पण आणि भोपळे पण. एका मैत्रिणीने सांगितलं बाई काढून टाक, चुकीचं काम कशाला दाखवतेस. मला ती चुकीची बाई अजून आवडते, साडीचा पदर मी तसा परत काढू शकणार नाही, पण तिच्या हातात काय आहे ते तिला माहीत नाही.

चाचांना अंकाच्या तीन प्रती कुरिअर केल्या होत्या. आठवड्याने व्हिडिओ कॉल आला. कव्हर फ्रेम करून दुकानात पुढे लावलेलं, शेजारी जीआयचं पेपरातलं कात्रण. "गिऱ्हाईक विचारतंय, चाचा, भोपळ्याचे कंदील विकायला काढले का." मग अंक उघडून आतल्या पानावरचं घोडीचं चित्र त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं, अगदी जवळ, फोकस जाईपर्यंत, आणि खर्जाच्या तारेवर नख ठेवलं.

"ताई, ह्या तारेचा मणी कुटं गेला?"

बघितलं. तीन तारांना मणी होते, चौथीला नव्हता. त्या मण्याचा लेयर बंद राहिला होता. फाईलमध्ये मी तो त्याच रात्री चालू केला, अंकात मात्र तीनच आहेत.